रोज साडेदहाला

मी ललिता आहेर, सिन्नरजवळच्या एका कॉलेजात सहायक ग्रंथपाल आहे. दोन वर्षांपूर्वी लिनक्सचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, प्रमाणपत्र लॅमिनेट करून खुर्चीमागे लावलं आणि ग्रंथालयाचा सर्व्हर सांभाळायचं काम अंगावर ओढून घेतलं. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करताना मागे कोणी उभं असलं की माझी बोटं जरा जास्तच वाजतात.

यंदा जूनमध्ये मी सर्व्हरवर सगळं नव्याने बसवलं. दुसऱ्याच दिवसापासून तो रोज सकाळी साडेदहाला बंद पडायला लागला. पाचेक मिनिटांत आपोआप सुरू व्हायचा, पण तोवर पुस्तकं न्यायला आलेल्यांची रांग दाराबाहेर गेलेली असायची.

"व्होल्टेजचा प्रश्न आहे," मी ग्रंथपाल राकेश सरांना ठामपणे सांगितलं. साफसफाई करणाऱ्या नवसाबाई त्याच सुमाराला टाकीत पाणी चढवायची मोटार लावायच्या. मला गुन्हेगार सापडला. मोटार दुपारी चारलाच लावायची, असा नियम मी केला. छोट्या टाकीतलं पाणी सकाळपर्यंत पुरेना; सकाळभर नळ कोरडे राहू लागले आणि नवसाबाई शेजारच्या इमारतीतून बादल्या वाहू लागल्या. सरांनी इन्व्हर्टरसाठी अर्जही केला.

सर्व्हर मात्र साडेदहालाच बंद पडत राहिला.

नियम केल्यापासून चौथ्या दिवशी नवसाबाई बादली ठेवून माझ्या टेबलापाशी थांबल्या. पेठ तालुक्याकडच्या त्या, फारसं बोलत नाहीत.

"मॅडम, लाईट कमी झाली तर पंखा हळू व्हायला पायजे ना? मी रोज बघते. पंखा काय हळू होत नाय."

मी तांत्रिक चेहरा केला. त्या गेल्यावर सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग उघडला. हे पहिल्याच दिवशी करायचं असतं. प्रशिक्षणात हे दोनदा सांगितलं होतं.

लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: ठरलेल्या कामानुसार रीस्टार्ट, वेळ सकाळी पाच. ते काम मीच लावून दिलं होतं. पहाटे ग्रंथालयात कोणी नसतं, तेव्हा सर्व्हर ताजातवाना होईल, असा विचार करून. फक्त नव्याने बसवताना त्याला आपण भारतात आहोत हे सांगायचं राहिलं होतं. त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे होतं. त्याची पहाट म्हणजे आमची ऐन गर्दीची वेळ.

एका ओळीच्या कमांडने ते दुरुस्त झालं. या वेळी बोटं वाजली नाहीत.

मग मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे व्होल्टेज ठीक आहे?"

"हो सर. माझंच कमी पडलं."

"अर्ज मागे नको घ्यायला," ते म्हणाले. "इन्व्हर्टर मिळाला तर कामालाच येईल."

नवसाबाई मागच्या पायऱ्यांवर डबा खात होत्या. मी शेजारी बसले आणि चूक माझी होती, मोटारीची नव्हती, असं सांगितलं. माफीही मागितली.

त्यांनी घास संपवला. "चार दिवस पाणी वाहिलं मी," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

"उद्या मी आणते."

"उद्या मोटार चालू हाय ना? मग कशाला?" असं म्हणून त्यांनी डब्यातली नागलीची अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली.