बैलाचं दप्तर

शुक्रवारी सकाळी माझ्या पार्लरच्या खुर्चीत एक बाई अर्धे केस रंगवून बसली होती, तेव्हा येसेनिया, माझी धाकटी बहीण, दार ढकलून आत आली. मागे तिची मुलगी इत्सेल. शाळेच्या वेळेला इत्सेल इथे कशी, हे विचारायच्या आधीच येसेनिया म्हणाली, "नोएमी, खातं गोठवलं त्यांनी."

खातं म्हणजे इत्सेलच्या शाळेचं. सरकार मुलीच्या नावाने त्यात पैसे टाकतं आणि त्यातून खासगी शाळेची फी जाते. अट एकच: मुलीचं नाव सरकारी शाळेच्या पटावर असता कामा नये. एका मुलीचा खर्च सरकार दोनदा कशाला करेल?

"आणि नाव आहे पटावर," येसेनिया म्हणाली. "बेतोने घातलंय. मिसेस हॅल्वर्सन म्हणाल्या, आज शाळा सुटायच्या आत नाव काढल्याचा कागद आणा, नाहीतर सोमवारी ती जागा दुसऱ्या मुलाला देईन. त्या मुलाची आई बाहेर बाकावरच बसली होती गं. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती."

बेतो म्हणजे तिचा नवरा होता तो. आता नाही, पण मुलीचा बाप आहेच, आणि शनिवार-रविवार इत्सेल त्याच्याकडे असते.

"फोन केलास?"

"केला. म्हणाला, हो, मी घातलं, माझी मुलगी चारचौघांच्या शाळेत जाईल. आणि ठेवला. सरकारी शाळेत विचारलं तर तिथल्या बाई म्हणतात, ज्याने नाव घातलं त्याचीच सही लागेल."

माझ्या तोंडात जे शब्द आले ते गिऱ्हाइकासमोर बोलण्यासारखे नव्हते. रंगाची वाटी मी पार्लरमधल्या मदतनीस मुलीच्या हातात दिली, ओव्हनचे हातमोजे चढवले आणि गाडी काढली. ऑगस्टच्या उन्हात तापलेलं स्टिअरिंग आमच्याकडे उघड्या हाताने धरत नाहीत.

इत्सेल मागे बसली, पाठीवरचं दप्तर न काढता. आठ वर्षांची आहे, बोलत नाही. सरकारी शाळेत तीस मुलांच्या वर्गात ती टेबलाखाली जाऊन बसायची आणि स्वतःचं मनगट चावायची. त्या खुणा अजून आहेत. मिसेस हॅल्वर्सनची शाळा म्हणजे चर्चमागचा जुना दवाखाना, सात मुलं, दोन बाया. पण तिथे जायला लागल्यापासून पोरगी इतरांबरोबर बसून जेवते, आणि रात्री झोपते. ती झोपते म्हणून येसेनिया झोपते. मला शाळेचं बाकी काही कळत नाही, एवढं कळतं.

बेतो ज्या डेअरीवर कामाला होता, तिच्या फाटकाशी मी एकटीच उतरले. एसी चालू ठेवून त्या दोघी गाडीत राहिल्या. पहारेकऱ्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेनेच पाहिलं.

"बेतो? बाई, धारा काढायची नवी यंत्रं आली तेव्हाच कमी केलं त्याला. जूनमध्ये. घरी बोलला नाही का?"

गाडीत येऊन बसले. येसेनियाने विचारलं, "काय म्हणाले?"

"आज सुट्टी आहे त्याची," मी म्हटलं. का खोटं बोलले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बेतो त्याच्या ट्रेलरबाहेर, म्हणजे चाकांवरच्या घराबाहेर, मेस्कीटच्या झाडाच्या सावलीत कोणाचा तरी कूलर दुरुस्तीला उघडून बसला होता. इत्सेलला पाहून उठला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि दोन्ही तळवे पुढे केले. तिने त्यावर आपले तळवे टेकवले. मग तो उभा राहिला आणि त्याचा चेहरा बदलला.

"सही करणार नाही," तो म्हणाला.

"बेतो, आजच्या आज कागद लागतो," येसेनिया म्हणाली. "जागा जाईल तिची."

"जाऊ दे. सात मुलं आहेत तिथे. आजवर एकाच्या तरी वाढदिवसाला बोलावलं तिला? मी त्या शाळेत शिकलो, तू शिकलीस, तिची सगळी चुलत भावंडं तिथेच आहेत. माझी मुलगी काय लपवून ठेवायची वस्तू आहे?"

"ती टेबलाखाली बसायची तेव्हा कुठे होती तिची भावंडं? मनगट धरून कोण बसायचं रात्रभर? तू?"

"मी रात्रपाळीला होतो."

"नेहमीच होतास."

असं पुन्हा सुरू झालं जुनं रहाटगाडगं. त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही, त्यामुळे माझा पारा जास्तच चढत होता. तेवढ्यात इत्सेल मध्ये येऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. निळं कोरं दप्तर. त्यावर सरकारी शाळेचं चिन्ह, शिंगं रोखलेला बैल, दोऱ्याने भरलेला.

असली दप्तरं मी पाहिली होती. शाळा उघडायच्या आधी सरकारी शाळेच्या मैदानात जत्रा भरते. मी तिथे दरवर्षी मुलांचे केस फुकट कापते. माझ्या शेजारच्या तंबूत दप्तरं वाटतात, पण नुसती नाही. आधी पोराचं नाव पटावर घालायचं, मग दप्तर. फुकट दप्तरासाठी उन्हात ताटकळणाऱ्या आयाबापांची रांग माझ्या आरशात दिसत असते.

जून, डेअरी, दप्तर. मला सगळं कळलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची याची सवय लग्नाआधीपासूनची.

खरं सांगते, ते त्याच्या तोंडावर फेकायला माझी जीभ शिवशिवत होती. येसेनियासमोर, आत्ताच. येसेनिया रडत नव्हती, तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बेतो, जरा इकडे ये," मी म्हटलं आणि त्याला ट्रेलरच्या मागे नेलं. "मी डेअरीवर जाऊन आले."

त्याने येसेनिया उभी होती तिकडे पाहिलं.

"तिला म्हटलंय, तुझी सुट्टी आहे."

त्याने हातातला पाना पँटला पुसला. पुन्हा पुसला. "कुन्यादा," तो म्हणाला. मला तो अजून कुन्यादाच म्हणतो, मेव्हणी. "ती म्हणायची, तू कामाला टिकणार नाहीस."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला सही हवी."

तो गाडीत पुढे माझ्या शेजारी बसला. वाटेत घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि प्रत्येक सिग्नलला बघत होते.

शाळेच्या ऑफिसात पाच-सहा पालक उभे होते. काउंटरवरच्या डेलियाला मी शाळेपासून ओळखते. बाई चांगली आहे, पण तिला हळू बोलता येत नाही.

"नाव काढायचं? मूल यंदा एकदाही वर्गात आलेलं नाही, आणि तिकडे खातंही होतं. कारण काय लिहू?"

"चूक झाली," बेतो म्हणाला.

"चूक नाही चालत. दोन्हीकडून फायदा घेतला असं त्यांना वाटलं तर खातं कायमचं बंद करतात. नीट सांगा. शिकायला पाठवायचं नव्हतं तर नाव का घातलं?"

आता हा बाबा म्हणेल, पाठवायचंच होतं. तेवढं म्हटलं की संपलं. येसेनियाने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

बेतोने मागे वळून रांगेकडे पाहिलं, मग येसेनियाकडे.

"दप्तरासाठी," तो म्हणाला.

"कसलं दप्तर?"

"जत्रेतलं. काम गेलंय माझं, जूनपासून. दुकानातलं घेता येत नव्हतं. तिने बैलावर हात ठेवला आणि काढेचना. नाव घातल्याशिवाय देत नव्हते." आवाज अजिबात चढला नव्हता त्याचा. "बाकी मी जे काही म्हणत होतो ते नंतरचं."

रांगेतले सगळे जमिनीकडे बघायला लागले. त्यांतल्या दोघींच्या पोरांच्या पाठीवर तोच बैल होता.

तो इत्सेलपाशी वाकला. "मिहा, पोरी, हे त्यांचं आहे. परत देऊ या." मी जीव मुठीत धरून उभी राहिले, कारण तिच्या वस्तूला हात लावला की ती किंचाळते. पण तिने त्याला पट्टे काढू दिले, एक, मग दुसरा. त्याने दप्तर काउंटरवर ठेवलं. इत्सेल तशीच उभी राहिली, दोन्ही हात मागे करून, स्थिर. नव्या शाळेत असंच शिकवलंय त्यांना: हात मागे करायचे आणि थांबायचं, कोणीतरी दप्तर चढवून देतं.

बेतोला ते ठाऊक नव्हतं. तो तिच्या हातांकडे बघत राहिला.

येसेनियाने काउंटरवरचं दप्तर उचललं. डेलिया काही बोलायला गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. येसेनियाने एक पट्टा धरला आणि दुसरा बेतोपुढे केला.

"डावा हात आधी," ती म्हणाली. "नाहीतर चालत नाही तिला."

त्याने डावा चढवला.

इतका वेळ त्याच्यासाठी साठवून ठेवलेला राग आता कुठे ठेवावा ते मला कळेना. सही झाली, शिक्का बसला. कागद मिसेस हॅल्वर्सनच्या हातात पडला तेव्हा मुलं घरी जायला दारात उभी होती. बाकावरची ती दुसऱ्या मुलाची आई मात्र अजून तिथेच होती. आम्हाला पाहून ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि निघून गेली.

संध्याकाळी दुकानात आले, तेव्हा कात्री धरताना तळवे झोंबले. हातमोजे मी शाळेच्या काउंटरवरच विसरले होते.