तुतीखाली अर्धं राहिलेलं अक्षर

मी एक जुनं चिनी अक्षर आहे, मित्रांनो. इतकं जुनं, की मला कवचावर कोरलं तेव्हा ते कासव अजून कुरकुरत होतं! डावीकडे माणूस, उजवीकडे झाड. दमलेला माणूस झाडाला टेकला, तोच मी. अर्थ 'विसावा'. लोक मला मायेनं लिहायचे. मग कुणा दुष्टाला सुचलं, की नकोशा बायकोपासूनही विसावा घेता येतो. तेव्हापासून काडीमोडाच्या कागदावर पहिला मान माझा. जळो तो मान!

हूचौकडच्या एका रेशीमगावात योंगनिआनच्या आईनं सून छाइयुनला टाकायचं ठरवलं. पाळणा हलला नव्हता ना! छाइयुनचं माहेर पुरात वाहून गेलेलं. हाकलली, तर जाणार कुठं?

काडीमोडाचा कागद लिहून देणारे फान मास्तर योंगनिआनला म्हणाले, "माझ्या घरात नाही हं! असला कागद लिहितात तिथं गवतसुद्धा उगवत नाही. बाहेर एखादं झाड बघ."

झाड कोण देणार? शेजारीण कडाडली, "तुझं पाप माझ्या जर्दाळूखाली नको, मेल्या!" सगळ्या गावानं हाकललं. उरली घरचीच तुती.

मास्तरांनी शाई उगाळली. नको हो, नको! मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, पण अक्षराचं ऐकतो कोण? कुंचला टेकला. माणूस लिहून झाला.

छाइयुन बुंध्याला हात लावून उभी होती. "लिहा," ती म्हणाली. "फक्त रेशमाच्या अळ्यांना ओला पाला घालू नका. मरतात."

तेवढ्यात सासू पाल्याच्या पाट्या टाकून धावत आली. "अरे करंट्या, माझ्या तुतीखाली? झाड वाळलं तर अळ्या काय तुझं डोकं खातील?"

"मग कुठं लिहू, आई?"

"दुसरीकडे!"

"दुसरीकडे कुणी उभं करत नाही."

शाई वाळली. सासू फणकारली, "कोश होऊ देत, मग बघू."

छाइयुनला तेवढीच मुदत मिळाली.

लिहिलेला कागद आमच्यात फेकत नाहीत. देवळातल्या भट्टीत मानानं जाळतात. तिनंच मला दोन्ही हातांवर नेलं. तिला वाचता येत नव्हतं. "तू कोण रे?" तिनं हळूच विचारलं. 'विसावा' म्हणायला मी जिवाचं रान केलं. पण झाडाशिवाय मी नुसताच माणूस. तसाच जळालो.

मित्रांनो, मला लिहाल तेव्हा विसाव्यासाठीच लिहा. माणसाला झाडाजवळ काढा, अगदी टेकेल इतकं जवळ. छाइयुन अजून उभीच आहे.