साहेबाच्या डोक्यावरचा बेडूक

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या अख्ख्या चाळीला ठाऊक आहे. तेव्हा आधीच सांगून टाकते की ह्या गोष्टीत चूक माझी होती. ऐकता ऐकता कोणी माझी बाजू घेऊ नका, मला ते आवडायचं नाही.

मी जाई. गिरणीत वाइंडिंगला असते, सूत रिळांवर चढवायचं काम. आमचं गाव मालवणकडे, पण माझा जन्म इथलाच, डिलाईल रोडच्या चाळीतला. अक्षर म्हणाल तर मला एक येत नाही. तरी मी एक पुस्तक वाचलंय. 'वाचलंय' म्हटलं की आमचे हे, धर्मा, गालात हसतात. हसू देत. चित्रांचं होतं ते, आणि त्यातली बाराच्या बारा चित्रं मला अजून ओळीने सांगता येतात. ह्यांना कालचं जेवण सांगता येत नाही.

प्लेगच्या आधी सहा-सात वर्षांची गोष्ट. मी नऊ वर्षांची, माझा भाऊ गुणाजी बारा वर्षांचा. वरळी कोळीवाड्यातून पुतळाबाई नावाची म्हातारी दर आठवड्याला आमच्या चाळीत सुकी मासळी घेऊन यायची. ती एका साहेबाच्या बंगल्यावरही जायची, आणि तिथली आया तिला पुड्या बांधायला रद्दी द्यायची. त्या रद्दीत एकदा विलायती चित्रांचं पुस्तक आलं. म्हातारीला काय त्याचं, तिने पानं फाडून बोंबील बांधले. मधला एक जोडकागद तेवढा उरला, तेव्हा तिचं लक्ष चित्रांकडे गेलं आणि तो तिने नातवासाठी फडक्यात गुंडाळून पाटीच्या तळाशी ठेवला. म्हणजे आमचं पुस्तक ते एवढंच. पण त्या एका कागदावर एक गोष्ट पुरी होती.

गुणाजीने ते फडकं उघडलेलं पाहिलं आणि म्हातारीच्या मागेच लागला. शेवटी ती वैतागून म्हणाली, "घे, मी चार बिऱ्हाडं करून येते तवर बघ. फाटलं तर कान उपटीन हां, माझ्या नातवाचं हाय." त्या दिवसापासून दर आठवड्याला तेवढा वेळ पुस्तक आमचं असायचं. ती पाटी घेऊन वर गेली की आम्ही दाराच्या उंबऱ्यावर बसायचो. आई ओरडायची, उंबऱ्यावर बसू नये म्हणून, पण आत काळोख आणि बाहेर गॅलरीत माणसांची ये-जा. उंबऱ्यावर शेजारी-शेजारी दोघं मावत नव्हतो, म्हणून हा एका बाजूच्या चौकटीला पाठ लावायचा आणि मी दुसऱ्या बाजूच्या. गुडघ्याला गुडघे. कागद त्याच्या गुडघ्यांवर, त्याच्या दोन्ही अंगठ्यांखाली दाबलेला. आणि मला हुकूम एकच, "हात मागे ठेव."

बोंबलांचा वास यायचा त्या कागदाला. मांजर येऊन बसायची.

गोष्ट अशी होती. पहिल्या चौकोनात एक जाडा साहेब घरातून निघालाय, दारात मड्डम उभी. साहेबाच्या डोक्यावर उंच टोपी, हातात छत्री, अंगात लांब कोट, पायात बूट, दोरीला बांधलेला कुत्रा. पुढच्या चौकोनात वारा येतो आणि टोपी उडते. मग छत्री उलटी होऊन आभाळात जाते. कुत्रा दोरी तोडून मांजरीमागे पळतो. साहेब कुंपणाला टेकून दम खातो, तर मागून बकरी त्याचा कोट खाते. बूट चिखलात रुततात, ते तिथेच राहतात. असं एकेक करत साहेबाचं सगळं जातं, आणि बाराव्या चौकोनात तो तळ्यात पडलेला असतो, गळ्यापर्यंत पाण्यात, आणि त्याच्या टकलावर एक बेडूक बसलेला.

त्या बेडकावर मी किती हसले असेन. पोट दुखायचं, उचकी लागायची, मागच्या खोलीतली सखुबाई भिंतीवर थापा मारायची. दर आठवड्याला तोच बेडूक आणि दर आठवड्याला मी तशीच हसायचे. गुणाजी मात्र भलतीकडेच हसायचा. मी टोपी उडताना बघतेय तोवर हा बेडकावर हसून मोकळा झालेला असायचा, आणि मी बेडकाला पोचले की हा गप्प होऊन मड्डमच्या चित्राकडे बघत असायचा, तोंडभर हसू घेऊन. मला वाटायचं ह्याला गोष्ट कळतच नाही. शाळेत दोन इयत्ता गेलेला ना, मला फार बरं वाटायचं की ह्याला कळत नाही नि मला कळतं.

पाच-सहा महिने हे चाललं. मग एके दिवशी पुतळाबाई म्हणाली, पाटीत पाणी साचलं, कागदाचा लगदा झाला. मी रडले. मला एकदा, फक्त एकदा तो कागद माझ्या हातांत धरायचा होता. गुणाजीने धरू दिला नाही, आणि आता तो राहिलाच नव्हता. ही अढी मनात बसली ती बसलीच. पुढे माझं लग्न झालं, लवू झाला, पण भावाशी काही वाजलं की मी हटकून म्हणायचे, "तू माका ता पुस्तक कधी हातात दिलंस नाय." तो नुसता हसायचा. त्याचं हे नुसतं हसणं मला अजिबात सोसायचं नाही.

प्लेगात आमचे बाबा गेले. आई गावाला पळाली आणि तिथे तीही गेली. मागे राहिलो आम्ही दोघं. गुणाजी तोवर लोहारकामात चांगला तयार झाला होता, कारखान्यात लोक त्याचं नाव घ्यायचे. लग्न करत नव्हता. मी चार मुली दाखवल्या, चारही वेळा हसला. आणि गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी नवा सदरा घालून, पत्र्याची ट्रंक घेऊन माझ्या दारात हजर. आफ्रिकेत रेल्वे बांधतायत, तीन वर्षांचा करार केला, सही करून झाली, उद्या सकाळी बोट. मला विचारलं नाही. कळवलंसुद्धा नाही. सगळं करून सांगायला आला.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला त्याचे पाय धरावेसे वाटले. जाऊ नको रे, तुझ्याशिवाय माझ्या माहेरचं आता कोणी नाही, हे ओठावर आलं होतं. पण माझी जीभ ही अशी. मी चुलीपाशी जाऊन भांडी आपटत बसले.

त्याने लवूला मांडीवर घेतलं. लवू अडीच वर्षांचा, मामा म्हणजे त्याचा जीव. मामाने गोष्ट सांगायला घेतली आणि मी भांडं हातात धरून थांबले, कारण गोष्ट साहेबाची होती.

"एक साहेब होतो," तो म्हणाला. "तळ्यात बसललो, गळ्यापर्यंत पाणी. अंगावर काय नाय, डोक्यावर बेडूक. सगळे त्याका हसतत."

मग साहेब तळ्यातून बाहेर येतो. चिखलात त्याचे बूट सापडतात. एक बकरी येते आणि पोटातून त्याचा कोट काढून देते, घडीसकट. हरवलेला कुत्रा पळत येतो आणि आपली दोरी आपणच त्याच्या हातात देतो. आभाळातून छत्री खाली उतरते. आणि सगळ्यात शेवटी वारा त्याची टोपी आणून डोक्यावर ठेवतो. "आणि मग रे," गुणाजी म्हणाला, "साहेब घराकडे येता. बघता तर मड्डम दारात उभी. कधीची वाट बघता."

लवू टाळ्या पिटायला लागला. आणि माझं तोंड सुटलं.

"खोटा सांगतंस," मी म्हटलं. "गोष्ट तशी नाय. साहेबाचा सगळा जाता. तू ता पुस्तक कधी नीट बघलंसच नाय, नि माका हातात दिलंस नाय. तुझा सगळा असाच उलटा. माणसां इथे नि तू थंय."

त्याने लवूला खाली ठेवलं. "असात गो," म्हणाला. "माका तशीच दिसली."

एवढंच. उठला, ट्रंक उचलली, दारात थांबला. मी काही बोलेन म्हणून थांबला असणार. मी बोलले. म्हटलं, "जा, नि परत येव नको."

तो खरंच गेला. सकाळी धर्मा बंदरावर गेले, मी गेले नाही. मी खात्यात माझ्या रिळांपाशी उभी होते आणि धागा तुटत होता तो जोडत होते. गुणाजी लहानपणापासून सांगितलेलं ऐकणारा. आई म्हणाली बस की बसायचा, ऊठ की उठायचा. परत येऊ नको म्हटलेलंही तो ऐकेल, हे मला त्याच दिवशी दुपारी कळलं आणि डबा तसाच परत आणला.

आता ह्या महिन्यातली गोष्ट. गिरणीत कापडाच्या ठाणांवर रंगीत चित्रांची तिकिटं चिकटवतात, विकणाऱ्याला छाप ओळखता यावा म्हणून. त्यातलं एक, नटलेल्या बाईचं चित्र असलेलं पण कोपरा फाटलेलं तिकीट घडीखात्यातल्या बाईने मला दिलं. रविवारी मी ते लवूला दाखवायला बसले. आत काळोख, म्हणून उंबऱ्यावरच बसलो. तो एका चौकटीला टेकून, मी दुसऱ्या. तिकीट मी धरलं, कारण पोराच्या हातात दिलं असतं तर त्याने ते तोंडात घातलं असतं.

"आये, हिच्या हातात काय?" लवूने विचारलं.

मी बघायला गेले तर मला कळेना. बाईचे पाय वर, डोकं खाली, हातात फूल की पंखा की काय ते उमगेना. मी मान वाकडी केली. कंबरेतून वाकले. आणि तशीच वाकलेली राहिले.

चित्र पोराला सरळ दिसावं म्हणून मी ते त्याच्याकडे फिरवून धरलं होतं. सरळ त्याला, उलटं मला. एवढी साधी गोष्ट. समोरासमोर बसलेल्या दोघांत एकालाच चित्र सरळ दिसणार, दुसऱ्याला नाही, हे नऊ वर्षं माझ्या ह्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला ती बारा चित्रं कायम सरळ दिसली. कधीच मान वाकडी करावी लागली नाही. त्याच्या बाजूने साहेब डोक्यावर उभा होता, आणि माझा शेवटचा चौकोन त्याचा पहिला होता. बारा वर्षांचा पोरगा, दोन घटका हातात येणारा कागद, तोही त्याने स्वतः मागून मिळवलेला. तो त्याने एकदाही आपल्याकडे फिरवला नाही. आणि मी म्हणत राहिले, दिलं नाहीस, दिलं नाहीस. त्याने एकदाही सांगितलं नाही.

मी रडले. लवू घाबरला, येऊन मला बिलगला. शेजारची ललिता धावत आली, काय झालं म्हणून विचारायला.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या रमाकांत मास्तरांकडे गेले. चाळीतली पत्रं तेच लिहितात. त्यांनी चष्मा लावला, दौत पुढे ओढली, वर पत्ता म्हणून आफ्रिकेतलं मोंबासा आणि रेल्वेचं काम असं घातलं, आणि माझ्या वतीने दोन ओळी नमस्कार आणि खुशाली लिहूनही टाकली. मग म्हणाले, "बोल."

माफी मागायला मी गेले होते, आणि माफीचा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. मास्तर टाक धरून बसले होते. शेवटी म्हटलं, "लिहा, गुणाजीदादा, पुस्तक तू माझ्याकडे फिरवून धरत होतास, ते मला आज कळलं."

त्यांनी लिहिलं.

"आता लिहा, जाताना दारात मी जे बोलले ते तुझ्या बाजूने वाच."

मास्तरांनी टाक थांबवला. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "हे मला नाही कळलं, जाई. त्याला तरी कळेल का? एवढ्या लांब पत्र जायचं. नीट काय ते सांग."

मी पदराने तोंड पुसलं.

"घरी ये, असं लिहा."