ठिपक्याची तिरकी चाल

माझ्या मावशीच्या नाकी नऊ आणलेत एका ठिपक्याने. त्याला स्किर्मिऑन म्हणतात. केसाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ धातूच्या पट्टीत इवल्या इवल्या चुंबकांचा भोवरा होतो, तो मायक्रोस्कोपच्या पडद्यावर काळा ठिपका दिसतो. विजेचा झटका दिला की पुढे सरकतो. पण सरळ जाईल तर शपथ. तिरका जातो, काठाला धडकतो आणि गायब.

चार वाजता मायक्रोस्कोप दुसऱ्या गटाकडे जाणार होता. तोवर एका तरी ठिपक्याने अख्खी पट्टी पार केली नाही तर काम बंद, असं मावशीच्या साहेबांनी बजावलं होतं.

सुट्टीत मी तिची मदतनीस. तिचे दोन्ही हात यंत्रावर, डोळे पडद्यावर. म्हणून प्रत्येक झटक्यानंतर पट्टी निवेपर्यंत मी मोठ्याने दहा मोजायचे. शाळेत नुकतीच भाषणात पहिली येऊन ढाल मिळवलीय, आवाज खणखणीत आहे.

अडीचच्या सुमारास एक ठिपका चक्क सरळ निघाला.

"मावशी, जातोय गं."

"बोलू नकोस. मोज."

अठराव्या झटक्याला तो टोकाला पोचला. मावशीने मला इतकं घट्ट धरलं की माझी वेणी सुटली.

मग तिने व्हिडिओ पुन्हा लावला. कोपऱ्यात घड्याळ होतं. तिचा चेहरा उतरला.

"सुरुवातीला दोन झटक्यांमध्ये दहा सेकंदांचं अंतर. शेवटी चार. मोजत होतीस की पळत होतीस?"

"उत्साहात झालं. पण गेला ना?"

"पट्टी तापली म्हणून गेला की असाच गेला, हे कोण सांगणार? तुझी भाषणाची ढाल?"

"मग तशीच तापवून बघू."

व्हिडिओतली अंतरं कागदावर उतरवली आणि फोनच्या घड्याळावर तंतोतंत तसेच झटके दिले. पहिला ठिपका अर्ध्यात आपटला. दुसरा त्याच्याही आधी. नववा पाऊण वाटेपर्यंत गेला आणि तिथे मेला.

"मेल्या, चार पावलं तर राहिली होती," पीएचडी झालेली माझी मावशी पडद्याला म्हणाली.

चारला पाच कमी असताना दुसऱ्या गटाचा माणूस दारात आला. "सावकाश होऊ द्या," म्हणाला आणि दारातच उभा राहिला.

मी कुजबुजले, "घड्याळाचा कोपरा कापून पाठव ना. कुणाला कळणार?"

"मला कळेल. आणि उद्या हे करून बघणाऱ्या प्रत्येकाला कळेल, वर्षभर डोकं फोडल्यावर."

तिने व्हिडिओ आहे तसा साहेबांना पाठवला. खाली लिहिलं: झटक्यांमधली अंतरं चुकून कमी झाली, तेव्हा एक गेला. नंतर नऊ वेळा केलं, एकही गेला नाही.

आम्ही सामान आवरतोय तोवर उत्तर आलं. "एकदा म्हणजे योगायोग. थांबवा."

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले.

"तुझ्यामुळे गेला, आणि का गेला तेही तुझ्यामुळेच कळत नाही. रागवायचं तरी कशावर?" तिने पट्टीची डबी माझ्या हातात दिली. "नीट धर. साहेब पाचपर्यंत असतात. त्यांना तोंडावर विचारते, योगायोग असेल तर तो कशाने झाला."

आणि ती जिन्याकडे निघाली, तिरीमिरीत.