आधी आलेलं उत्तर

संगीतसभेतला कार्यक्रम रविवारी होता आणि कोदै मामीच्या नंगनल्लूरच्या घरात शेवटची तालीम चालली होती. याळिनी गात होती. कीर्तनातल्या, म्हणजे बांधलेल्या रचनेतल्या, एका ओळीपाशी ती थांबली, तशी मामी सावरून बसली. आता कल्पनास्वर. गाणारीनं त्या ओळीवर तिथल्या तिथं, मनातून स्वर रचायचे आणि साथीच्या व्हायोलिननं ते ऐकून उत्तर द्यायचं. पोर आता आपल्या पायांवर उभी राहिली का, ते इथंच कळतं.

याळिनी मामीकडे शिकायला आली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. फटीतून ‘सा’ निसटून जायचा. गाता गाता ती तंबोऱ्यावरच डोकं टेकायची, मग मामी तिला तशीच खांद्यावर टाकून घरी पोचवायची.

यंदा इतक्या मुलींचा रोजचा सराव एकटीनं ऐकणं मामीला झेपेना. म्हणून तिनंच प्रत्येकीच्या फोनवर एक एआयचं अ‍ॅप घालून दिलं. सूर कुठं घसरला, ताल कुठं सुटला, ते घरबसल्या सांगायचं. तेवढं त्यानं बघावं, बाकीचं मी बघेन, असं तिचं म्हणणं. आणि दिवाळीच्या सुमारास याळिनीनं मोहनम रागात असे काही स्वर रचले की मामीच्या डोळ्यांना धार लागली. सभेच्या चिटणीसांना तिनं स्वतः सांगितलं होतं, “स्वरांना भरपूर वेळ ठेवा. पोर जागच्या जागी रचते.”

याळिनीनं पहिलं आवर्तन गायलं. साथीला बसलेल्या वरदन मामांनी व्हायोलिनवर उत्तर दिलं. दुसरंही झालं. तिसऱ्यासाठी तिनं श्वास घेतला, आणि तिच्या तोंडून स्वर निघायच्या आत मामांनी तेच वाजवून टाकले. शेवटच्या गिरकीसकट.

मामीला हसू आलं. “काय हो मामा, लेकराची थट्टा करता?”

“थट्टा नाही गं.” मामांनी गज खाली ठेवला. “गेल्या आठवड्यात अड्यारला एका मुलीच्या साथीला होतो. तिनं हेच गायले. ह्याच क्रमानं. मला वाटलं, तुझीच शिष्या असेल.”

अड्यारला मामीची एकही शिष्या नव्हती.

“याळिनी?”

पोरगी ओढणीचं टोक पिळत बसली. “अ‍ॅपमध्ये असतं, मामी. राग आणि ओळ सांगितली की रचून देतं. मी पाठ केले.”

“आणि रोज वेगळे गायचीस ते?”

“रोज वेगळे मागायची.”

“अगं, जमत नाही म्हणायचं होतंस! मी काय खाणार होते तुला?”

“पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही रडायला लागलात. मला जवळ घेतलंत. अम्मा म्हणाली, आता नको सांगूस, त्यांना लागेल.”

म्हणजे अम्मालाही ठाऊक. लेकीला न्यायला यायची तेव्हा दारातच चपला अर्धवट घालत म्हणायची, ‘सगळं तुमच्यामुळं हो, मामी.’

“रविवारी स्वर नाहीत,” मामी म्हणाली. “कीर्तन म्हणायचं आणि थांबायचं.”

“लोक म्हणतील, हिला येत नाही.”

“येत नाहीच.”

“असं तोडून बोलू नकोस, कोदै,” मामा पुटपुटले.

याळिनीनं डोळे पुसले आणि कुणी न सांगताच ओळ धरली. पुढं चारच स्वर, चाचपडत लावलेले. ताल शिल्लक होता, स्वर संपले. राहिलेल्या मात्रा तिनं नुसत्या बोटांवर मोजल्या.

“हे तुझं?”

“हो, मामी. शप्पथ.”

मामी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ह्या पोरीला ताप असला तर तिला दारातूनच समजायचं. आज काही म्हणता काही समजेना. तिनं मान वळवून वरदन मामांकडे पाहिलं.

“नाही,” मामा हळूच म्हणाले. “हे मी कुठं ऐकलेलं नाही.”

मामीनं नजरेनं मामांना विचारलं, हे याळिनीनं पाहिलं आणि तिला रडू फुटलं. मामीचा हात पुढं व्हायला निघाला होता. तो तिनं मांडीवरच दाबून धरला.