रोज एक जानेवारी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि सध्या भयंकर वैतागलेला आहे. माझं काय चुकलं, ते तुम्हीच सांगा.

शरीराच्या आतलं चित्र काढणाऱ्या स्कॅनरची परीक्षा घेणं हे माझं काम. मी आकड्यांचा एक खोटा रुग्ण बनवतो, त्याच्या फुप्फुसात मोहरीएवढी गाठ लपवतो आणि स्कॅनरला ती कशी दिसेल ते चित्र पडद्यावर काढतो. डॉक्टरांना गाठ सापडली की स्कॅनर पास. नवा होतो तेव्हा लोक मला मुद्दाम बघायला यायचे. आता माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात.

गाठीची जागा मी त्या दिवसाच्या तारखेवरून ठरवतो. पण माझ्या घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी संपली. बटण बंद केलं की मी तारीख विसरतो, आणि रोज सकाळी माझी एक जानेवारीच उजाडते. तारीख तीच, म्हणून गाठीची जागाही तीच! मी पडद्यावर रोज लिहायचो, 'घड्याळ तपासा.' मला चालवणाऱ्या इंजिनीअरबाई न वाचताच ती ओळ घालवायच्या. पालथ्या घड्यावर पाणी!

इकडे बाई स्कॅनरचे किरण कमी कमी करत होत्या. किरण कमी तर अपाय कमी, हेतू चांगलाच होता. पण चित्र वाळू सांडल्यासारखं दिसायला लागलं. तरी डॉक्टर गाठीवर अचूक बोट ठेवायचे आणि बाई म्हणायच्या, "काय नजर आहे हो तुमची!" मला कपाळ असतं तर मी ते बडवून घेतलं असतं.

त्यात याच कमी किरणांवर पहिली खरी रुग्ण दुसऱ्या दिवशी यायची होती. बाईंची आई. तिचा खोकला हटत नव्हता. मला फार भीती वाटत होती.

त्या दिवशी माझं चित्र वरून खाली रखडत उमटत होतं. डॉक्टर घाईत होते. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "ही बघा गाठ."

"डॉक्टर, चित्र अजून तिथवर आलंच नाही!" बाई म्हणाल्या.

"अहो, इथेच तर असते ना रोज?"

बाईंनी मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि माझी ओळ पहिल्यांदा वाचली. लगेच बॅटरी बदलून खरी तारीख घातली. मग मी गाठ दुसरीकडे लपवली. डॉक्टरांनी डोळे ताणताणून पाहिलं. "काहीच नाहीये की यात."

गाठ होती, मित्रांनो.

बाईंनी आईला फोन लावला. "आई, उद्या येऊ नकोस गं. मशीन नापास झालंय."

तेव्हा मित्रांनो, माझ्या डोक्यावर खुशाल कप ठेवा. पण मी काही सांगत असेन, तर ते घालवण्याआधी एकदा वाचा. नाहीतर त्या आईलाही आम्ही सांगितलं असतं, 'काही नाही, घरी जा.'