चार बोल्ट आणि हाजीचे लेंगे

पैज लागली ती अश्रीच्या कॉफीखान्यात, आणि पणाला लागले ते हाजी मुतवल्लीचे लेंगे.

झालं असं की दुपारी आम्ही डॉमिनो खेळत बसलो होतो आणि एकाएकी टेबल थडथडायला लागलं. सोंगट्या आपल्या आपण चालायला लागल्या. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वजदीकडचं नवं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं होतं. धाड, धाड, धाड! गच्चीवरची कबुतरंसुद्धा उडाली.

"वजदीने लग्न करून बायको आणली का रेडा?" मी ओरडलो. सगळे खिदळले.

हाजी मुतवल्ली हसला नाही. मशीन त्याच्याच दुकानातलं. हुक्क्याची नळी तोंडातून काढून, मयताला आल्यासारख्या आवाजात म्हणाला, "नजर लागलीय, उस्ता दसूकी. नवरीचं सामान उघड्या गाडीतून वाजतगाजत न्यायचं, अख्खी गल्ली डोळे फाडून बघणार. मग दुसरं काय होणार?"

"हाजी, नजरच लागायची असती तर तुझ्या पोटाला लागली असती. या गल्लीत सगळ्यात जास्त तेच मिरवतं."

"तू मशीनं दुरुस्त करतोस. नजर तुझ्या पान्याने सुटत नाही."

"सुटते. चल, पैज! मशीनवर चहाचा भरला ग्लास ठेवतो. ते पिळत असताना एक थेंब जरी सांडला, तर बायकोचा फुलाफुलांचा झगा घालून इथं, कॉफीखान्याच्या दारात, तुझे लेंगे धुवीन. नाही सांडला तर तू माझे धुवायचे."

"तुझ्या सनिय्याच्या झग्यात मी मावणार नाही," हाजी म्हणाला.

"दोन जोडून देतो."

अश्री चहावाल्याने आमचे हात एकमेकांवर ठेवले, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि मी हत्यारांची पिशवी उचलली. तोपर्यंत सगळी गंमतच होती.

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात करीमा बसलेली दिसली आणि माझं हसू गळून पडलं. करीमा म्हणजे नवरीची, रीहामची, आई. कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवते. नवरा गेल्यावर एकेक भिशी लावून तिने पोरीचं सामान जमवलं. आमच्याकडे मशीन मुलीकडच्यांनीच द्यायचं असतं. आणि ही बाई त्याच पोरीच्या दारात, पायरीवर.

"काय गं करीमा, आत नाही घेत?"

"माझी विहीण, उम्म वजदी, म्हणते, मी फसवलं. रंग मारून जुनं मशीन गळ्यात बांधलं म्हणते." ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. "हाजीची गाडी येतेय उस्ता. अर्ध्या किमतीत परत घेतो म्हणालाय. आणि विहीणबाई म्हणते, मशीन जाईल त्याच गाडीत पोरीनेही बसावं."

"आणि वजदी काय म्हणतो?"

"वजदी आईचं ऐकतो."

वजदी ट्राम चालवतो. घंटा वाजवायचं काम तो ट्रामवरच करतो, घरात तोंड उघडत नाही. मी करीमाला उठवलं आणि दार असं बडवलं की वरच्या मजल्यावरचे लोक डोकावले.

दार उम्म वजदीने उघडलं. "तू कशाला आलास? हाजी म्हणालाय, दुसऱ्या कुणाचा हात लागला तर गॅरंटी गेली."

"हाजी स्वतःच येतोय खालून धापा टाकत. त्याला विचार."

खरंच, हाजी मागे अर्धा कॉफीखाना घेऊन जिना चढत होता. अश्रीच्या हातात ट्रे, ट्रेमध्ये चहाचा एकच ग्लास, काठोकाठ भरलेला. "उघडू दे त्याला," हाजी मोठ्या मनाने म्हणाला. "पैज आहे."

न्हाणीघरात मशीन उभं होतं. तुम्ही बघायला हवं होतं. अंगावर कारखान्याचं प्लास्टिक तसंच. त्यावर करीमाने विणलेलं जाळीचं आच्छादन, मागे पार जमिनीपर्यंत लोंबणारं. समोर निळा मणी, वर पितळी पंजा, बाजूला धुपाची राख. नवी वस्तू कुणाला दिसू नये म्हणून आम्ही ती इतकी झाकतो की आम्हालाही दिसत नाही. मी मशीन भिंतीपासून ओढलं, आच्छादन वर केलं आणि मागची बाजू बघितली.

चार बोल्ट. लाल टोप्यांचे. जसेच्या तसे.

"उम्म वजदी, इकडे ये. बघ. आतला ड्रम स्प्रिंगांवर लोंबत असतो. गाडीत आदळू नये म्हणून कारखाना तो या चार बोल्टांनी आवळून पाठवतो. घरी आणलं की पहिलं काम हे काढायचं. नाही काढले तर ड्रम फिरताना अख्ख्या मशीनला घेऊन नाचतो. जुनं नाही हे. इतकं नवं आहे की अजून नीट उघडलंसुद्धा नाही."

पाना लावला, चारही बोल्ट काढले, भोकांत बुचं बसवली. मशीन जागेवर ढकललं, ओले कपडे आत टाकले, पिळायला लावलं. अश्रीने ग्लास वर ठेवला.

ड्रम फिरायला लागला. वेग वाढला. बारीक घूं असा आवाज. चहावर नुसते वर्तुळांचे तरंग. काठापर्यंत यायचे आणि मागे जायचे. उम्म वजदीने हात तोंडावर नेला आणि मग, शपथेवर सांगतो, तिने करीमाचं मनगट धरलं. "ये, आत ये. उंबऱ्यात काय उभी राहतेस," असं पुटपुटली. माफी वगैरे नाही. पण एवढं तिच्यासाठी खूप झालं.

मी जिंकलोच होतो. थोडा वेळ तोंड बंद ठेवायचं, बस.

"मशीन पोचवणारी पोरं काढायला विसरली असतील," हाजी म्हणाला. "माणसाकडून होतं."

तेव्हा दाराशी उभी असलेली रीहाम पहिल्यांदा बोलली. "विसरली नव्हती, चाचा. मी विचारलं होतं त्यांना, मागचं हे लाल काय आहे. म्हणाले, हाजींनी सांगितलंय, हात लावायचा नाही. आम्हीही नाही आणि तुम्हीही नाही."

सगळ्यांची तोंडं हाजीकडे वळली.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हाजीच्या दुकानात पुढेच लाल फीत बांधून ठेवलेलं मशीन, 'किंचित वापरलेलं'. ते अतियाचं. अतिया आमचा पाववाला. त्याच्या मुलीच्या, सफाच्या, लग्नातलं मशीन असंच नाचलं होतं. तिलाही नजर लागली होती, तिच्याकडूनही हाजीने दयाबुद्धीने अर्ध्यात घेतलं होतं. सासरच्यांनी सफाला माघारी पाठवली. ती अजून बापाच्या भट्टीपाशी बसून पाव मोजते. कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. चार बोल्टांपायी! घाणेरड्या चार बोल्टांपायी!

"हलकटा!" मी ओरडलो आणि मूठ मशीनवर आदळली.

ग्लास उडाला. चहा जाळीच्या आच्छादनावर.

"सांडला!" हाजी नाचायला लागला. "सगळ्यांनी बघितलं! मशीन चालू होतं आणि सांडला!"

लोक अजून म्हणतात, दसूकीने मुद्दाम सांडला, त्याला काहीतरी खोडी काढायची होती. नाही बाबांनो. रागाने सांडला. खोडी मला नंतर सुचली.

शुक्रवारची नमाज सुटली आणि अख्खी गल्ली कॉफीखान्यासमोर जमली. मी सनिय्याचा झगा घातला, डोक्याला तिचा रुमाल बांधला, रस्त्याच्या मधोमध टब मांडला. सनिय्या खिडकीतून ओरडली, "छातीवर साबण सांडू नकोस, ईदचा आहे तो!" हाजीने स्वतः गाठोडं आणून टबात ओतलं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी धुतले. मन लावून धुतले. दोरी बांधली, एक टोक कॉफीखान्याला, दुसरं हाजीच्या दुकानाच्या पाटीला. एकेक करून चार लेंगे वाळत घातले, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येकाच्या नाडीला एकेक बोल्ट अडकवला. लाल टोपीवाला.

"हे लाल काय रे, उस्ता?" पहिल्या माणसाने विचारलं.

"विचारलंस ते बरं केलंस," मी म्हणालो, आणि सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, त्यालाही सांगितलं. बायका थांबल्या, त्यांना झग्याचा घोळ सावरत सांगितलं. दर खेपेला आवाज चढत गेला.

मग अतिया आला. पीठभरल्या हातांनी, गर्दीतून वाट काढत. एक बोल्ट हातात घेऊन उलटसुलट केला. दुकानात शिरला, लाल फितीच्या मशीनची वायर भिंतीत खुपसली आणि बटण फिरवलं. हाजी "अरे, अरे" करत धावला.

सफाचं मशीन फिरलं. जागेवरून बोटभरसुद्धा हललं नाही. त्याचे बोल्ट हाजीने कधीच काढले होते.

अतिया बाहेर आला, माझ्या टबाशी उकिडवा बसला. शेवटचा लेंगा पाण्यात होता.

"हा मी पिळतो," तो म्हणाला.

त्याने तो हाजीकडे बघत पिळला. सावकाश, दोन्ही मुठींनी, शिवण टरकेपर्यंत.

"उस्ता, पुरे झालं," हाजी म्हणाला. तोंड पांढरंफटक. "फिटली पैज. लेंगे दे माझे."

"छे हाजी, असं कसं?" मी झगा सावरून स्टूल ओढलं आणि दोरीखाली बसलो. "ओलेच देऊ? वाळल्याशिवाय मी इथून उठणार नाही."